फागनेर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मागच्या पावसाळ्यात ओळखीतल्या काही जणांना फागनेरची पाच गाणी पाठवली होती. ती त्यांनी पुढे पाठवली आणि तेव्हापासून प्रश्न थांबलेले नाहीत. "हा अरब आहे की ब्राझीलचा?" हा एकच प्रश्न किमान वीस जणांनी विचारला असेल. तीच उत्तरं पुन्हापुन्हा टंकून बोटं दुखायला लागली, म्हणून ती एकदाची इथे लिहून ठेवतो. प्रश्न आले तसेच ठेवलेत, फक्त शुद्धलेखन सुधारलंय.

१. हा फागनेर नेमका कोण? थोडक्यात सांगा.

ब्राझीलच्या ईशान्येला सेआरा नावाचं राज्य आहे, तिथला हा गायक, गीतकार आणि संगीतकार. जन्म १३ ऑक्टोबर १९४९चा. जन्मला फोर्तालेझात, म्हणजे समुद्रकाठच्या राजधानीत, पण कागदोपत्री नोंद आतल्या ओरॉस गावची. त्यामुळे कुठे हे गाव छापलेलं दिसतं, कुठे ते. ज्यांच्या घरात निम्म्या माणसांचा वाढदिवस १ जूनला येतो, त्यांना याचं नवल वाटायला नको.

वडील लेबनॉनहून आलेले, आई सेआराची. १९६८ साली सेआराच्या संगीत महोत्सवात पहिला आला. १९७० मध्ये आर्किटेक्चर शिकायला ब्राझिलियाला गेला, पण तिथेही १९७१ मध्ये स्पर्धा जिंकून बसला आणि नकाशे बाजूला पडले. तिथून रिओ. पहिली एलपी १९७३ची. पुढच्या दहा-बारा वर्षांत तो देशभर घराघरांत पोचला. त्याच्याच वयाच्या सेआराच्या गाणाऱ्यांचा एक जथा तेव्हा पुढे आला, त्यात बेलकियोर आणि एदनार्दू हे दोघे महत्त्वाचे. बेलकियोर आठव्या उत्तरात पुन्हा भेटेल.

२. नावाचा उच्चार काय? आणि आडनाव लोपीस आहे म्हणजे वसईशी काही नातं?

पूर्ण नाव राइमुंदो फागनेर कांदिदो लोपेस असं लिहितात. ब्राझीलमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा 'र' बहुतेक ठिकाणी 'ह'सारखा होतो आणि शेवटचा 'ओ' 'उ'कडे झुकतो, म्हणून कानावर 'हाइमुंदु' पडतं. फागनेर हे आडनाव नाही, मधलं नाव आहे. रेकॉर्डवर तेवढंच असतं.

लोपीसचं म्हणाल तर नातं एवढंच की वसईत, गोव्यात आणि सेआरात हे आडनाव एकाच पोर्तुगीज पेटाऱ्यातून आलं. गंमत अशी की ज्या माणसाच्या गळ्यात लोक लेबनॉन शोधतात, त्याच्या आडनावात लेबनॉनचा मागमूसही नाही. ब्राझीलला उतरलेल्या अरबांच्या बाबतीत हे नेहमीचंच. यूसुफचा जोझे व्हायचा आणि मुलांना शाळेत घालायच्या वेळेपर्यंत घरात पोर्तुगीजच बोलली जायची. आडनावांच्या यादीवरून कोण अरब वंशाचा हे ओळखायला गेलात तर फसाल.

३. मग अरब वारसा म्हणजे फक्त वडिलांपुरता? लेबनॉनचे लोक तिकडे गेले कसे?

घरापुरतं बोलायचं तर हो, वडील जोझे फारेस यांच्यापुरता. पण ते काही एकटे गेले नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आजच्या लेबनॉन आणि सीरियाच्या डोंगराळ गावांतून, त्यातही ख्रिस्ती वस्त्यांतून, माणसं बोटीत बसून अमेरिका खंडाकडे निघाली. पहिल्या महायुद्धापर्यंत तो मुलूख ऑटोमन साम्राज्यात होता, म्हणून हातातले कागद तुर्की. बंदरावरच्या कारकुनाने कागद पाहून 'तुर्कु' लिहिलं आणि ते नाव कायमचं चिकटलं. ज्या तुर्कांच्या राज्यातून सुटून आलो त्यांचंच नाव कपाळी आलं, याचा पहिल्या पिढीला राग होता. नातवंडं आता ते हसून वापरतात. म्हणजे शिवी की लाडाचं नाव, हे कोण म्हणतंय त्यावर ठरतं.

शेतीसाठी जमीन नव्हती आणि नोकरीसाठी भाषा नव्हती. मग पाठीवर पेटी घेऊन सुई, दोरा, बटणं, कापड विकत गावोगाव फिरायचं, उधारी द्यायची, पुढच्या फेरीत वसूल करायची. अशा फेरीवाल्याला ब्राझीलमध्ये 'मास्काति' म्हणतात. हा शब्द आला मस्कतवरून! मस्कत दीडेकशे वर्षं पोर्तुगीजांकडे होतं, कारभार गोव्यातून चालायचा. आपल्याला मस्कत आठवतं ते डाळिंबामुळे, त्यांना फेरीवाल्यामुळे. पेटीचं पुढे दुकान झालं, दुकानांची पेठ झाली. साओ पावलोतली 'पंचवीस मार्च' नावाची रस्ताभर पसरलेली बाजारपेठ अशीच उभी राहिली.

४. गाणी ऐकली. पण यात अरबी काय आहे? ऊद नाही, दरबुका नाही. फसवताय का?

सर्वांत जास्त आलेला आणि सर्वांत रास्त प्रश्न.

फागनेर 'फ्यूजन' करत नाही. सांबाच्या ठेक्यावर ऊद हे अरबी तंतुवाद्य ठेवलं, मागे दरबुका हा अरबी ढोल लावला आणि वर एक ओळ अरबीत गायली, असलं काही त्याच्या गाजलेल्या गाण्यांत नाही. गिटार आहे, ॲकॉर्डियन आहे, पियानो आहे, नंतरच्या काळात नको तितके सिंथेसायझरही आहेत. वारसा आहे तो गळ्यात. सूर सरळ लावून सोडून देणं त्याला जमत नाही. ओळीच्या शेवटी आवाज थरथरतो, एका अक्षरावर चार-पाच सूर घेऊन खाली घसरतो आणि घशात काहीतरी खरवडल्यासारखं होतं. १९७० च्या दशकात ब्राझीलचा शहरी कान बोसा नोव्हा या हळुवार गायकीवर पोसलेला होता. तिथे गायक मायक्रोफोनच्या कानात कुजबुजायचा, कंप टाळायचा. त्या शेजारी फागनेर म्हणजे कुणीतरी माळावरून हाक मारतंय असं वाटतं. काहींना तो रडका वाटला, आजही वाटतो. मला विचाराल तर १९८५ नंतरच्या काही रेकॉर्डवर तो खरंच रडका आहे, पण त्याचं खापर वडिलांच्या गावावर फोडू नका.

तो थरथरता सूर सगळाच वडिलांकडून आला का? इथे गुंता आहे. पुढचं उत्तर वाचा.

५. सेआराच्या लोकसंगीतातच अरबी अंश आधीपासून होता असं वाचलं. खरं काय?

ईशान्य ब्राझीलचा आतला, कोरडा, काटेरी झुडपांचा प्रदेश म्हणजे सेर्ताव. दुष्काळ पाचवीला पुजलेला. ओरॉसचं मोठं धरण बांधता बांधता १९६० मध्ये पावसाने फुटलं. ज्या मुलखाला पाण्याची आस, तिथे पाणीच अंगावर आलं. फागनेरच्या १९७७च्या एलपीचं नाव 'ओरॉस'च आहे आणि तिचं संगीत संयोजन एर्मेतो पास्कोआल या अवलियाचं.

या सेर्तावात गुराखी गुरं हाकताना 'अबोयु' गातात. शब्द जवळजवळ नसतातच. ताल नसतो. 'ए', 'ओ' असे लांबवलेले स्वर, शेवटी खाली उतरणारे. आपल्याकडे बैल हाकताना मोटेवर गाणारा माणूस ज्यांनी ऐकलाय त्यांना हे लगेच ओळखीचं वाटेल. तिथे जोडीने सवाल-जवाब करणारे शाहीर आहेत, जागच्या जागी कवन रचून एकमेकांना गारद करणारे. आणि 'रबेका' आहे, छातीला टेकवून वाजवायची गावठी सारंगी म्हणा. नाव अरबी 'रबाब'वरून आलेलं. गोव्यात व्हायोलिनला 'रेबेक' म्हणतात, तोही त्याच घराण्यातला शब्द. रबाब आपल्याला उत्तरेकडून जमिनीवरून आला आणि रेबेक होऊन पश्चिमेकडून समुद्रावरून.

इबेरियन द्वीपकल्पावर ७११ पासून अरब-बर्बर सत्तांचा अंमल होता, शेवटचं ग्रानादा १४९२ मध्ये पडलं. पोर्तुगीज भाषेत त्याच्या खुणा जागोजाग आहेत. 'अमका-फलाणा'मधला आपला फलाणा अरबी 'फुलान'वरून फारसीमार्गे आला, पोर्तुगीजांचा 'फुलानु' थेट अरबीतून. ब्राझीलला गेलेल्या पहिल्या पोर्तुगीजांनी ही सगळी शिदोरी बरोबर नेली असणार, म्हणून सेर्तावचं संगीत मुळात मूरांचं, म्हणजे त्या अरब-बर्बरांचं, असा सिद्धांत लुईस सोलेर या स्पेनहून रेसिफेला येऊन राहिलेल्या व्हायोलिनवादकाने मांडला. तो वाचायला फार छान आहे, पण सिद्ध करायला अवघड. ताल सोडून लांबवलेली हाक ही जगात जिथे जिथे गुरं आहेत तिथे तिथे आहे. वाद्यांची नावं आणि शब्द हा भक्कम पुरावा, आवाजाची लकब हा कच्चा.

तरी एक गोष्ट उरते. फागनेरला घरातून जे मिळालं ते गावाला परकं नव्हतं. गावाच्या कानाला त्या सुराची सवय होती, मग ती कुठूनही आलेली असो.

६. मी शास्त्रीय शिकते. थाटाच्या भाषेत सांगाल का? मला तर भैरवसारखं काही ऐकू येत नाही.

बरोबर ऐकताय. 'अरबी' म्हटलं की आपल्या कानाला जो मकाम (त्यांचा राग म्हणा) आठवतो तो हिजाझ. त्याचं पूर्वांग म्हणजे कोमल रिषभ आणि शुद्ध गंधार, भैरवचंच. सेर्तावचं संगीत त्या बाजूला जात नाही. तिथे कोमल निषाद ठरलेला, बाकी शुद्ध, म्हणजे खमाज थाट. त्यातच अनेकदा मध्यम तीव्र होतो आणि मग आपल्या वाचस्पतीचे सूर तयार होतात. ईशान्येचा गायक लुईस गोंझागा याचं कुठलंही बायाऊ, म्हणजे तिकडचं ठेक्याचं गाणं, लावा, हार्मोनियमवर शोधा, सापडेल. फागनेरने या गोंझागाबरोबर १९८४ आणि १९८८ मध्ये दोन एलपी केल्या, त्याही या कामाला उत्तम.

रास्त या दुसऱ्या मकाममध्ये गंधार शुद्ध आणि कोमलच्या मधोमध बसतो. पडद्यांच्या गिटारवर तो निघत नाही, ॲकॉर्डियनवर तर नाहीच. फागनेरही तो लावत नाही. त्यामुळे स्वरांच्या यादीत अरबस्तान शोधू नका. मींड, कंप आणि ओळ सोडण्याची पद्धत ऐका. नवव्या उत्तरातल्या रेकॉर्डवर मात्र तुम्हाला तुमचा कोमल रिषभ भेटेल.

७. तो अरबीत गातो का?

त्याची ओळख पोर्तुगीज गाण्यांवर उभी आहे, खालोखाल स्पॅनिश. अरबी गाणी ऐकण्यासाठी त्याच्याकडे जाऊ नका, निराश व्हाल.

८. सुरुवात कुठल्या गाण्यापासून करू?

'मुकुरिपि'. दुसरं उत्तर नाही.

मुकुरिपि हा फोर्तालेझाचा कोळ्यांचा किनारा. तिथे 'जांगादा' नावाचे शिडाचे तराफे असतात. लाकडाचे ओंडके जोडून केलेले, वर एक त्रिकोणी शीड, आणि त्यावर बसून माणसं खुल्या समुद्रात मासे धरायला जातात. गाण्यात ही शिडं निघतात आणि गाणारा म्हणतो, माझी दुःखंही घेऊन जातो, खोल पाण्यात सोडतो. मग रात्री प्रेयसीला भेटायला जायची तयारी. नवी पट्ट्यापट्ट्यांची पँट आणि पांढरा लिननचा कोट, जो गेल्या महिन्यापर्यंत शेतात फूल होता. लिनन जवसाच्या झाडापासून निघतं हे माहीत असलं की ही ओळ एकदम उजळते. कोट नवा आहे, माणूस तरुण आहे, आणि दोघांनाही अजून कुणी चुरगाळलेलं नाही.

गाणं बेलकियोर आणि फागनेर दोघांच्या नावावर आहे. १९७१ मध्ये ब्राझिलियाच्या स्पर्धेत हेच जिंकलं. १९७२ मध्ये एलिस रेजिनाने ते गायलं आणि त्याच वर्षी 'पास्किम' या खोडकर साप्ताहिकाने काढलेल्या छोट्या रेकॉर्डवर फागनेरने स्वतः. एका बाजूला तेव्हाच नावाजलेला गायक कायतानो वेलोझो, दुसऱ्या बाजूला हा बावीस वर्षांचा पोरगा. १९७५ मध्ये रोबेर्तो कार्लोसनेही गायलं. तिन्ही लागोपाठ ऐका. एलिस गाणं समजावून सांगते. रोबेर्तो ते गोड करतो. फागनेरच्या आवाजात मात्र ती दुःखं बुडत नाहीत, पाण्यावर तरंगत राहतात. चौथ्या प्रश्नाचं उत्तर मला शब्दांत नीट देता आलं नसेल तर ते या तीन रेकॉर्डमध्ये आहे.

९. १९८१ची स्पेनमधली एलपी एवढी महत्त्वाची का म्हणता?

कारण तिथे दोन वाटा एकत्र आल्या. लेबनॉनची वाट आणि मूरांची वाट.

एलपीचं नाव 'त्रादुझिर-सि', म्हणजे स्वतःचं भाषांतर करणं. नाव फेरेरा गुलार या कवीच्या कवितेचं. माझा एक भाग म्हणजे सगळं जग, दुसरा भाग म्हणजे कुणीच नाही, अशा जोड्या लावत ती कविता जाते आणि एका भागाचं दुसऱ्यात भाषांतर करणं हीच कला असेल का, असं विचारून थांबते. लेबनीज बापाच्या सेआरी मुलाने स्पेनच्या लोकांबरोबर गाताना हीच कविता निवडावी, याला योगायोग म्हणवत नाही.

बरोबर कोण होते ते पाहा. अर्जेंटिनाची मेर्सेदेस सोसा, कातालोनियाचा जुआन मानुएल सेरात, जिप्सी गिटारवादक-गायक मान्झानिता आणि फ्लामेंको या स्पॅनिश गायकीतला सर्वांत मोठा गळा, कामारोन दे ला इस्ला. सेरातबरोबर 'ला साएता' आहे. साएता म्हणजे बाण. दक्षिण स्पेनमधल्या सेव्हिया शहरात पवित्र सप्ताहाच्या मिरवणुकीत मूर्ती थांबते, गर्दी गप्प होते आणि कुणीतरी गच्चीतून साथीशिवाय एकच आर्त ओळ मूर्तीकडे सोडतो, ती साएता. आंतोनियो माचादोने त्यावर कविता केली, सेरातने चाल लावली.

कामारोन गातो तेव्हा तो खराखुरा अंदालुसियन, म्हणजे दक्षिण स्पेनचा, कोमल रिषभ येतो, घसा फाडून. आणि शेजारी फागनेर मिळूनमिसळून जातो. तोपर्यंत ब्राझीलमध्ये ज्या आवाजाला 'विचित्र' म्हणत होते, तो इथे घरच्या माणसासारखा वाटतो. एखाद्याला अनोळखी गावी आपल्यासारखंच नाक असलेली माणसं भेटावीत तसं काहीसं. सगळी एलपी सारखी नाही, दुसऱ्या बाजूला एक-दोन गाणी ढिली आहेत. पण फागनेरची एकच रेकॉर्ड ठेवायची वेळ आली तर मी हीच ठेवीन.

१०. माझ्या ब्राझिलियन सहकाऱ्याला फागनेर म्हटलं तर तो माशाचं गाणं म्हणायला लागला. हे काय आहे?

'बोर्बुल्यास दि आमोर', प्रेमाचे बुडबुडे. डोमिनिकन गायक हुआन लुईस गेर्रा याचं मूळ स्पॅनिश गाणं, १९९१ मध्ये फागनेरने पोर्तुगीजमध्ये गायलं. मासा होऊन तुझ्या काचपेटीत डुबकी मारावी, असा मामला आहे. पोर्तुगीज शब्द नवव्या उत्तरातल्या त्याच फेरेरा गुलारचे. थोर कवीलाही घर चालवावं लागतं. अरब वारशाशी संबंध शून्य, पण लग्नात वाजलं की सगळे नाचतात.

११. अरब वंशाचे असे आणखी कोण आहेत?

यादी मोठी आहे, मोजके सांगतो. जुआंव बोस्को, मिनास जेराइसचा, जन्म १९४६, वडील लेबनीज वंशाचे. गिटारवरचा हात अफाट, आणि गाता गाता शब्द सोडून निरर्थक अक्षरांच्या लडी लावतो. त्यात कधी आफ्रिका ऐकू येते, कधी अजान. फागनेरला घशात खडा अडकल्यासारखा जो कंप आहे तो याच्याकडे नाही, हा खेळकर आहे. आल्मिर सातेर पश्चिमेकडच्या गुरांच्या मुलखातला, पाच जोड्यांत दहा तारा असलेली 'व्हियोला काइपिरा' वाजवतो. एग्बेर्तो जिसमॉन्तीचे वडील बैरूतचे, आई सिसिलीची, पण तो मुख्यतः वादक. तेच सर्जिओ आणि ओदाइर या गिटार वाजवणाऱ्या आसाद भावांचं. त्यांची धाकटी बहीण बादी आसाद मात्र गाते, गाणी लिहिते आणि तोंडाने तालवाद्यंही काढते. फागनेर आवडला नाही तर बादीकडे जा.

१२. कविता दुसऱ्यांच्या, शब्द दुसऱ्यांचे. मग त्याला गीतकार कसं म्हणता? आणि चोरीचं प्रकरण काय होतं?

चाल त्याची, शब्द कधी त्याचे, कधी जोडीदाराचे, कधी छापील कवितेतले. छापील कवितेला चाल लावणं हे त्याचं खास काम. पोर्तुगालच्या फ्लोर्बेला एश्पांका या कवयित्रीची सुनीतं त्याच्यामुळे ब्राझीलमध्ये टॅक्सीवाल्यांना पाठ झाली.

चोरीचं प्रकरण 'कांतेरुस'चं. कांतेरुस म्हणजे फुलांचे वाफे. १९७३च्या पहिल्या एलपीवरचं हे गाणं प्रचंड गाजलं. पण त्यातल्या ओळी सेसिलिया मेरेलिस या कवयित्रीच्या 'मार्चा' या कवितेवरून घेतलेल्या होत्या आणि तिचं नाव रेकॉर्डवर नव्हतं. ती १९६४ मध्येच वारलेली. वारसांनी कोर्टात खेचलं, गाणं एलपीवरून काढावं लागलं. बऱ्याच वर्षांनी तडजोड झाली आणि त्याला ते पुन्हा रेकॉर्ड करता आलं. तरुणपणाचा निष्काळजीपणा म्हणा, पण चूक होती आणि ती चूकच आहे. चाल चांगली झाली म्हणून कवयित्रीचं नाव गाळायचा हक्क मिळत नाही.

याच सेसिलियाचा एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. ती १९५३ मध्ये दिल्लीला गांधीविचारांवरच्या परिषदेसाठी आली होती आणि मग देशभर फिरली. त्या प्रवासातल्या कवितांचा संग्रह पुढे १९६१ मध्ये निघाला. त्यात एक कविता औरंगाबादच्या विणकामावर आहे, आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या. तेव्हा ते शहर महाराष्ट्रात नव्हतं, हैदराबाद राज्यात होतं. हिमरूचे माग तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. ज्या बाईच्या ओळींवरून सेआराच्या पोराला कोर्टाची पायरी चढावी लागली, ती आपल्या मागांसमोर उभी राहून गेली होती.

१३. गोव्यातून विचारतोय. आमच्या झिकोबरोबर त्याने गाणं केलंय ही थाप आहे ना?

थाप नाही. २०१४ ते २०१६ एफसी गोवा या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक होता तोच ब्राझीलचा फुटबॉलपटू झिको. फागनेरचा जुना दोस्त, आणि १९८२ मध्ये दोघांनी मिळून एक छोटी रेकॉर्ड केली होती. ऐकून बघा. झिको फ्री किक फार चांगली मारायचा.